पाच मिनिटांची सुट्टी पाऊण तासाची होते!

प्रश्न: सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहतो, राज्यसेवेची तयारी चालू आहे. २५ मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं सुट्टी असं पोमोडोरो लावून बघितलं. राज्यघटना वाचताना जमतं. पण सुट्टीत अभ्यासिकेतून खाली टपरीवर गेलो की कुणीतरी कटऑफचा विषय काढतो, आणि संपलंच. काय करू?

उत्तर: अरे, पाच मिनिटांत जिना तरी उतरून होतो का? छोट्या सुट्टीत गच्चीत एक फेरी, घोटभर पाणी, बास. टपरी २५ मिनिटांचे चार टप्पे झाल्यावर. तेव्हा १५ ते ३० मिनिटं मिळतातच, मूळ पद्धतच तशी आहे. आणि टायमर मोबाइलवर नको. ही पद्धत काढणाऱ्या फ्रान्चेस्को चिरिल्लोने १९८० च्या दशकात टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळच वापरलं होतं, इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोडोरो म्हणतात, म्हणून तर हे नाव. मी तुळशीबागेतून चावीचं घड्याळ आणलं. टिकटिकीवरून अभ्यासिकेत शिव्या खाल्ल्या, आता रुमालात गुंडाळून ठेवते.

उत्तर: सीसॅटच्या, म्हणजे पूर्वपरीक्षेतल्या दुसऱ्या पेपरच्या सरावाला मात्र हे लावू नका. ८० प्रश्न, सलग दोन तास. तिथे पंचविसाव्या मिनिटाला कोण उठू देणार?

प्रश्नकर्ता: रुमालाचं आवडलं, ताई. पण टपरीवर उधारी आहे, एकदा तरी उतरावंच लागेल.