मॉडेल झालं म्हणजे भिंत वाचली?

पायाड:
काल इथे एकाने ठणकावून लिहिलं, "प्रत्येक पुरातत्त्वीय वास्तूचं एचबीआयएम करून टाका, हाताने रेखाटनं काढण्यात वेळ घालवू नका. मॉडेल झालं की वास्तू कायमची सुरक्षित." एचबीआयएम म्हणजे जुन्या वास्तूचं, प्रत्येक घटकाला माहिती जोडलेलं संगणकीय त्रिमितीय मॉडेल. इतकं चुकीचं विधान नुसतं वाचून सोडून देता येईना.

लेझर स्कॅनर पृष्ठभाग मोजतो. मिलिमीटरपर्यंत मोजतो, मान्य. पण गिलाव्यामागे भराव आहे की पोकळी, ते त्याला दिसत नाही. मग कोणीतरी पॉइंट क्लाउडवर, म्हणजे स्कॅनमधून मिळालेल्या बिंदूंच्या ढगावर, सॉफ्टवेअरची तयार भिंत ओढतो: ओळंब्यात, एकसारख्या जाडीची. खरी भिंत मध्येच फुगलेली असते आणि तो फुगवटाच तिचा आजार असतो. मॉडेलमध्ये त्यावर इस्त्री फिरते.

२००९ मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी एचबीआयएम मांडलं, तेव्हा घटकांचं भांडार अठराव्या शतकातल्या वास्तुकलेच्या नमुना-पुस्तकांवरून बांधलं. तिथल्या अभिजात शैलीच्या इमारतींना ते लागू पडतं. उत्खननात निघालेल्या, अर्ध्या पडक्या, चारदा दुरुस्त झालेल्या भिंतीला कुठलं पुस्तक लावणार?

बिंदुमेघ:
'ते' लिहिणारा मीच. पॅरिसचं नोत्र दाम कॅथेड्रल विसरलात का? अँड्र्यू टॅलन यांनी २०१० मध्ये स्कॅन केलं, एक अब्जाहून जास्त बिंदू. एप्रिल २०१९ मध्ये आग लागली आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडलं. स्कॅन नसता तर जळालेल्या भागांची मापं कुठून आणली असती?

सहावा_थर:
उदाहरण अर्धंच सांगताय. छपराच्या ओक लाकडाच्या सांगाड्याचं तपशीलवार मोजमाप २०१४ मध्ये वास्तुविशारदांनी करून ठेवलं होतं. सांधे कसे, कुठला वासा कशावर टेकलाय, हे त्यांनी माळ्यावर चढून पाहिलं. आणि टॅलन हे कला-इतिहासकार. आतले खांब एका रेषेत नाहीत, हे त्यांनी स्कॅनमधूनच दाखवलं. तुमच्या मॉडेलकाराने ते खांब सरळ केले असते.

चुनाभट्टी:
सरळ करतातच! मी काम करत होतो तिथे मॉडेलवरून अंदाजपत्रक निघालं. भिंत कागदावर सपाट, म्हणून दगडांमधल्या दर्जा (सांधे) भरण्याचा चुना सपाट भिंतीच्या हिशोबाने आला. प्रत्यक्षात सांधे हात आत जाईल इतके खोल. चुना संपला आणि ठेकेदाराने उरलेल्या दर्जा सिमेंटने भरल्या. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. ती दगडातून वाट काढते, क्षार पृष्ठभागाशी येतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. मला मॉडेलबद्दल विचारू नका, सिमेंटबद्दल विचारा. ते आधी बंद करा.

बिंदुमेघ:
सिमेंटचं पाप मॉडेलच्या माथी मारू नका. तयार भिंत ओढायची नसते, आम्ही मेशवरून, म्हणजे बिंदू जोडून केलेल्या जाळीवरून, वेडावाकडा आकारच घेतो आणि मॉडेल व क्लाउडमधला फरक रंगांत दाखवणारा नकाशा जोडतो. फुगवटा त्यात ढळढळीत दिसतो. शिवाय रेखाटनाला विचारता येत नाही की 'या टप्प्यातले सगळे दगड दाखव'. मॉडेलमध्ये प्रत्येक दगडाला बांधकामाचा टप्पा, चुन्याचा नमुना, ओलीचं मापन जोडता येतं. १९७३ पासून तुम्ही उत्खनन करणारे लोक हॅरिस मॅट्रिक्स, म्हणजे कुठला थर आधीचा नि कुठला नंतरचा याचा तक्ता, काढताय, तेच इथे भिंतीवर बसतं.

सहावा_थर:
बसतं, पण टप्पा ठरवतो कोण? दोन दगडांमध्ये आधीचा कुठला, हे भिंतीसमोर बसून रेखाटतानाच कळतं. माझ्या हाताखालच्या मुलांना मी आधी पेन्सिल देते, कारण रेघ मारायची तर बघावंच लागतं.

जुनी_फाईल:
टप्पे राहू द्या, त्या फायली उघडणार कोण? १९८६ मध्ये बीबीसीने ब्रिटनच्या लोकजीवनाची नोंद करणारा डूम्सडे प्रकल्प लेझर डिस्कवर नोंदवला. पंधराएक वर्षांत त्या वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि मजकूर वाचवायला वेगळी मोहीम लागली. १०८६ चं मूळ डूम्सडे पुस्तक, इंग्लंडमधल्या जमिनींची नोंद, आजही वाचता येतं. आमच्याकडे एका स्थळाचं मॉडेल आहे. करणारी संस्था बंद पडली, परवाना संपला आणि आता उरलेत ते पडद्याचे फोटो.

बिंदुमेघ:
म्हणून तर आयएफसी हे मॉडेल साठवायचं फाईल-मानक आहे. खुलं, आयएसओ १६७३९. क्लाउडसाठी ई५७ हे तसंच खुलं फाईल-स्वरूप.

जुनी_फाईल:
आयएफसीत काढून पुन्हा उघडून बघितलंय कधी? वेडेवाकडे आकार नुसते ठोकळे होऊन येतात, जोडलेली माहिती अर्धी गळते.

बिंदुमेघ:
निर्यातीची सेटिंग्ज न वाचता केलं तर गळणारच. स्वतःचा आळस मानकावर ढकलू नका.

जुनी_फाईल:
आळस? ज्यांनी पैसे घेऊन मॉडेल दिलं, त्यांनी कच्चा क्लाउडसुद्धा दिला नाही. मागितला तर म्हणाले, करारात नाही. सेटिंग्ज मी कशाच्या वाचू?

चुनाभट्टी:
आमच्याकडेही हेच झालं.

पायाड:
मूळ प्रश्न बाजूला पडला तरी हे महत्त्वाचंच आहे. वास्तुजतनाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचं १६वं कलम सांगतं की कामाची नोंद सार्वजनिक संस्थेच्या अभिलेखागारात ठेवावी आणि संशोधकांना खुली असावी. कंत्राटदाराच्या डिस्कवर पडलेलं मॉडेल त्यात बसत नाही. नववं कलम म्हणतं, जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबावा. मॉडेलमध्ये तर्क आणि मोजमाप एकाच राखाडी रंगात दिसतात. पडलेली कमान पूर्ण करून दाखवतात आणि पुढचा माणूस तेच माप म्हणून उचलतो.

बिंदुमेघ:
कमानीचं खरं आहे, तसं करतात. वारशाच्या संगणकीय चित्रणासाठीची २००९ ची लंडन सनदही अर्थ कसा लावला त्याची नोंद मागते, आणि आमच्या क्षेत्रात ती फार थोडे लोक ठेवतात. एवढं मानतो. हाताची रेखाटनं पुरेशी आहेत हे मात्र मानणार नाही. वरच्या झरोक्यापर्यंत शिडी पोचत नाही तिथे तुमची पेन्सिल काय करते?

सहावा_थर:
तिथे स्कॅन घ्या, कोण अडवतंय? छापील प्रत आणा, मी तिच्यावर दगड न् दगड तपासून टप्पे लिहीन. फक्त ते टप्पे मॉडेलमध्ये भरताना माझा 'बहुधा' काढून टाकू नका. मागच्या वेळी एकाने काढला होता.

बिंदुमेघ:
खात्रीची पातळी असा वेगळा रकाना ठेवता येतो.

जुनी_फाईल:
आणि तो रकाना आयएफसीत टिकतो का, ते इथे फाईल टाकून दाखवा. कच्च्या क्लाउडसकट.