मृगातील तेजोमेघ ताऱ्यापासून दूरही तितकाच तप्त कसा?

दादरची गच्ची
परवा वांगणीला आकाशदर्शनात मृगातील बाणाखालचा तेजोमेघ दुर्बिणीतून पाहिला. त्याला आयनीभूत करणाऱ्या, म्हणजे त्यातील अणूंतून इलेक्ट्रॉन सोडवणाऱ्या, मुख्य ताऱ्याचे पृष्ठतापमान सुमारे ३९,००० केल्विन आहे. वायूचे मात्र बहुतेक ठिकाणी ८ ते १० हजारांच्या आसपास, असे वाचले. शेकोटीपासून दूर सरकले की ऊब कमी होते, मग येथे अंतराचा परिणाम का जाणवत नाही?

मुलुंडकर
शेकोटीची उपमाच येथे फसवी आहे. हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन सोडवण्यासाठी १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. अतिनील फोटॉनच्या ऊर्जेतून ते वजा जाता जे उरते, तेच सुटलेल्या इलेक्ट्रॉनला गती म्हणून मिळते आणि टकरींतून वायूभर वाटले जाते. दूरवर फोटॉन विरळ होतात, पण एकेकाजवळची शिल्लक फारशी बदलत नाही. शिवाय जितके अणू फुटतात तितकेच इलेक्ट्रॉन प्रोटॉनांशी पुन्हा जुळत असल्यामुळे, वायू तापण्याचा दर त्याच्या घनतेवर अवलंबून राहतो.

शीवचा वाचक
ही जमेची बाजू झाली. माझ्या मते तापमान खरे आवरून धरतो तो खर्च, आणि तो करतो ऑक्सिजन, जो दर दोन हजार हायड्रोजन अणूंमागे जेमतेम एक असतो. इलेक्ट्रॉन आदळला की दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन सुमारे २.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा घेतो आणि ती ५००.७ व ४९५.९ नॅनोमीटरच्या हिरव्या रेषांच्या रूपाने मेघाबाहेर निघून जाते. एवढी ऊर्जा केवळ वेगवान इलेक्ट्रॉनांपाशी असते; त्यामुळे वायू थोडा जरी अधिक तापला, तरी अशा इलेक्ट्रॉनांची संख्या झपाट्याने वाढते आणि तो पुन्हा निवतो. घनता वाढली तर जमा आणि खर्च सारख्याच प्रमाणात वाढतात. विल्यम हगिन्स यांना १८६४ मध्ये तेजोमेघाच्या वर्णपटात याच रेषा दिसल्या होत्या. त्या ‘नेब्युलियम’ नावाच्या अज्ञात मूलद्रव्याच्या मानल्या गेल्या आणि १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी तो साधा ऑक्सिजन असल्याचे दाखवले, हा मला या विषयातील सर्वांत सुरेख भाग वाटतो.

दादरची गच्ची
म्हणजे ऑक्सिजन कमी असलेला तेजोमेघ अधिक तप्त असायला हवा?

शीवचा वाचक
होय. लघु मॅगेलनी मेघ या आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत ऑक्सिजनसारखी जड मूलद्रव्ये कमी आहेत आणि तेथील अशा तेजोमेघांचे तापमान सुमारे १२,००० केल्विन भरते. मात्र घनता घनसेंटिमीटरला काही लाख इलेक्ट्रॉनांच्या पुढे गेली, तर प्रकाश बाहेर पडण्याआधीच दुसरी टक्कर ती ऊर्जा परत घेते, आणि मग हा खर्चही आखडतो.