सौजन्य : तुमच्या अनुभवात ते कुठे कामी आले, कुठे बोचले?

'कृपया', 'माफ करा' आणि 'आभारी आहे' एवढे शिकवून झाले की सौजन्याचा धडा संपला, असे आपल्याकडे बहुधा धरून चालतात. प्रत्यक्षात मराठी घरात जेवण वाढणाऱ्या आईचे आभार कोणी मानत नाही, तरी त्या घराला कोणी उद्धट म्हणत नाही. त्याच घरातून शेजारणीची वाटी मात्र कधी रिकामी परत जात नाही. समोरच्याला ओशाळे व्हावे लागू नये म्हणून आधीच केलेली तजवीज, असा सौजन्याचा अर्थ मी धरतो. आपणांस तो पटला नाही तरी हरकत नाही, पण उपदेशाऐवजी प्रसंग लिहावा, आणि सौजन्याच्या नावाखाली त्रास झाला असेल तर तोही अवश्य लिहावा. 'हल्लीची पिढी' या शब्दांनी सुरू होणारे प्रतिसाद शक्यतो टाळावेत.

निवृत्त बँक कर्मचारी, सांगली

हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. पूर्वी मात्र दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांना शाखेत यावेच लागे आणि रांग थेट जिन्यापर्यंत जाई. पतीमागे निवृत्तिवेतन घेणाऱ्या अनेक वृद्ध स्त्रियांना सही येत नसे. 'आजी, सही करता की अंगठा?' असे काचेपलीकडून मोठ्याने विचारले, की उत्तर मागच्या सगळ्या रांगेला कळे. आमचे एक हेडक्लार्क हा प्रश्न कधीच विचारत नसत. ते फॉर्मबरोबर पेन आणि शाईचा पॅड अशी दोन्ही पुढे सरकवत आणि स्वतः रजिस्टरात डोके घालत. जिला जे हवे ते तिने घ्यावे. अंगठा उठवून झाल्यावर शाई पुसायला बहुतेक कचेऱ्यांत काहीच ठेवलेले नसते, त्यामुळे बायका ती केसांना पुसतात आणि पुरुष खांबाला. या गृहस्थांच्या खणात खोबरेल तेल लावलेली जुन्या धोतराची चिंधी असे. ती मळली की ते घरून दुसरी आणत. वागण्यात ते तसे तुसडेच होते, 'या, बसा' असे त्यांनी कोणाला म्हटल्याचे मला आठवत नाही.

नोकरदार स्त्री, बदलापूर

आमच्या लोकलच्या महिला डब्यात तिघींच्या बाकावर चौथी बसते, हे वेगळे सांगायला नको. ज्या बदलापूरपासून बसून येतात त्यांनी ठाणे गेले की उठावे आणि मध्ये चढून उभ्या राहिलेल्यांना बसू द्यावे, असा आमच्या ग्रुपचा रिवाज आहे. त्यासाठी कोणी विनवणी करत नाही की आभार मानत नाही. एक पर्स उचलते, दुसरी टेकते, आणि तोवर मटार सोलणेही थांबलेले नसते. बाहेरच्याला या डब्यात नुसती वादावादी ऐकू येईल. मात्र हे सौजन्य ओळखीपुरतेच असते, हेही खरे. परीक्षेला निघालेली एखादी अनोळखी मुलगी दारात चेंगरत असते आणि इकडे पुढच्या स्टेशनवर चढणाऱ्या मैत्रिणीसाठी बाकावर रुमाल टाकलेला असतो.

शिक्षिका, शिरोळ तालुका

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे बोलावणे हा आमच्याकडे बायकांमधला मोठा मान असतो. यजमान गेल्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला शेजारणींनी मला बोलावले नाही, आणि त्यात त्यांचा वाईट हेतूही नव्हता. मला अवघड वाटू नये म्हणून त्या माझ्या दारावरून आवाज न करता पुढे गेल्या. ते न बोलावण्यापेक्षा अधिक लागले. मे 2022 मध्ये आमच्याच तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनी त्याचे अनुकरण करावे, असे परिपत्रक काढले. बांगड्या फोडणे ठरावाने थांबवता येईल. दारात येऊन 'संध्याकाळी या हं' म्हणायला मात्र कोणाला ठरावाने लावता येत नाही. पुढे एका संक्रांतीला गल्लीतल्या नव्या सुनेने आपण होऊन बोलावले, वाण दिले आणि हळदीकुंकवाचा करंडा पुढे धरून ती थांबली. मी हळद घेतली, कुंकू घेतले नाही. तिने कारण विचारले नाही आणि करंडा पुढच्या बाईकडे नेला. वर लिहिलेल्या पेन आणि पॅडच्या जातीचेच हे वागणे आहे, असे मला वाटते.

घरपोच सामान पोहोचवणारा, पुणे

एका सोसायटीत लिफ्टपाशी पाटी आहे : 'डिलिव्हरी कर्मचाऱ्यांनी लिफ्टचा वापर करू नये. धन्यवाद.' आठव्या मजल्यावर पाण्याचे कॅन नेताना त्यातले 'धन्यवाद' कोणासाठी आहे, याचा विचार करायला भरपूर वेळ मिळतो.

मधुमेही पाहुणा, नागपूर

आग्रह हा पाहुण्याचा सन्मान समजला जातो. माझ्यासाठी तो लग्नसराईतला छळ आहे. पंगतीत ताटावर दोन्ही हात आडवे धरले तरी वाढपी बोटांच्या फटीतून जिलेबी सोडतो आणि आजूबाजूचे कौतुकाने हसतात, कारण पहिला नकार हा होकारच असतो असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. आजाराचे नाव घ्यावे, तर पुढचा भात येईपर्यंत मेथीच्या दाण्यांपासून कारल्याच्या रसापर्यंत सारे उपाय ऐकावे लागतात. पानात टाकणे हा अन्नाचा अपमान आणि खाणे म्हणजे दुसऱ्या दिवशीची भीती. यातून यजमानाला न दुखावता सुटण्याची रीत कोणाला ठाऊक आहे काय?

केटरिंगचा व्यवसाय, अमरावती

वरील प्रश्नाला वाढप्यांच्या बाजूने उत्तर देतो. आमची मुले हौसेने आग्रह करत नाहीत. यजमान पंगतीच्या टोकाला उभे राहून पाहत असतात, आणि एखाद्या व्याह्याच्या पानावरून ताट तसेच पुढे गेले तर बोलणी आम्हाला बसतात. त्यामुळे पंगतीत वाढप्याला सांगून फारसा उपयोग होत नाही. आहेर देताना यजमानीणबाईंच्या कानावर घालावे. त्या मुलांना सांगून ठेवतात आणि तुमच्या पानात गोडाच्या जागी मठ्ठा आणि आणखी एक भजे येते. आग्रह तेवढाच होतो, फक्त भज्याचा.