शंका मनात असताना संडे स्कूलचा वर्ग घ्यावा का?

मिरजकर_ताई: सलाम सगळ्यांना. मी आमच्या चर्चमध्ये संडे स्कूलच्या मोठ्या मुलांचा वर्ग घेते. २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत माझा धाकटा भाऊ गेला, अख्खी मंडळी उपास-प्रार्थना करत होती, सांगली इस्लामपूरची माणसं फोनवर जोडलेली होती, आणि तरी गेला. तेव्हापासून प्रार्थनेला बसलं की पलीकडं कुणी ऐकतंय असं वाटतच नाही. देव नाहीच असंही म्हणवत नाही. पण "मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल" शिकवायची वेळ आली की घसा दाटतो. माझं म्हणणं, मी वर्ग सोडू नये आणि हे लपवूही नये. आमच्यात गुडघेदुखीसाठी, नोकरीसाठी प्रार्थनेची विनंती करता येते, विश्वास डगमगतोय म्हणून उभं राहिलेलं मी कुणाला बघितलं नाही. तुमचं मत सांगा.

सातारचे_काका: ताई, भावाचं वाचून फार वाईट वाटलं. तरी स्पष्ट सांगतो, वर्ग सोड. बायबलात याकोबाच्या पत्राच्या ३ ऱ्या अध्यायाची सुरुवातच अशी आहे की पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, शिक्षकांचा न्याय जास्त कडक होणार. त्याच पत्रात १:६ मध्ये संशय धरणाऱ्याला समुद्राची लाट म्हटलंय. पोरं मोबाईलवर काय काय बघतात, कॉलेजात मित्र विचारतात तुमचा देव परदेशी का, त्यात टीचरलाच खात्री नाही म्हटल्यावर त्यांनी कुठं टेकायचं?

कुपवाडवाला: काका, मान ठेवून सांगतो, पटलं नाही. ती ओळ १:५ सकट वाचा, तिथं बुद्धी मागण्याचं चाललंय आणि देव दोष न लावता देतो असं लिहिलंय. शोकातल्या माणसाला गप्प करायला ती ओळ नाही. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात २८:१७ बघा की. पुन्हा उठलेला येशू समोर उभा, अकरा जणांनी नमन केलं, "पण कित्येकांना संशय वाटला". येशूनं त्या कित्येकांना बाजूला काढलं का? सगळ्यांनाच म्हणाला जा, शिष्य करा, शिकवा. आपण १९ वी ओळ पोरांकडून पाठ करून घेतो आणि १७ वी गाळतो, हे मला फार खटकतं. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानंही तुरुंगातून विचारलंच होतं, येणारा तो तूच का आम्ही दुसऱ्याची वाट बघायची.

सातारचे_काका: योहानानं ते येशूला विचारलं, लहान मुलांपुढं नाही मांडलं. आणि त्या अकरांनाही लूक २४:४९ मध्ये थांबा सांगितलंय, वरून सामर्थ्य मिळेपर्यंत. मीही थांबच म्हणतोय.

वाईची_वाचक: काकांचा थांबण्याचा मुद्दा बिनबुडाचा नाही. पण पंडिता रमाबाई बघा, १८८३ ला इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि नंतरही त्रैक्यावरून, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणुकीवरून, तिथल्या सिस्टरांशी पत्रांतून वाद घालत राहिल्या, म्हणून काय काम थांबवलं नाही, १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, पुढं अख्खं बायबल मराठीत आणलं. अर्थात त्यांचे प्रश्न शिकवणुकीचे होते, ताई तुमचा दुःखाचा आहे, त्याला वाद घालून उत्तर मिळणार नाही. स्तोत्र ८८ काढा. अंधारातच संपतं ते, शेवटी कसलाच दिलासा नाही, तरी पवित्र शास्त्रात आहे. मुलांना तेही शिकवता येतं.

मिरजकर_ताई: काका, माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई त्याच लाटेत गेली. त्याला कुणीतरी मोठ्या माणसानं सांगितलं, तुमचा विश्वास कमी पडला असेल. त्या पोराचं तोंड मी बघितलंय. मी वर्ग सोडला आणि त्याच्यापुढं पुन्हा असंच बोलणारं कुणी उभं राहिलं तर?

सातारचे_काका: आई गेलेल्या लेकराला असं बोलणं पापच आहे, त्यात दुमत नाही. मग असं कर, आधी पाळकसाहेबांना सगळं सांग, ते हो म्हणाले तर वर्ग घे.

कुपवाडवाला: आणि नाही म्हणाले तर?

सातारचे_काका: तर थांबायचं. मंडळी म्हणून काही शिस्त असते.

कुपवाडवाला: इथं मी थांबा म्हणणार नाही काका. ताई, पाळकांना जरूर सांगा, पण तुमच्यासाठी प्रार्थना करा म्हणून सांगा, परवानगी मागायला जाऊ नका. आणि त्यांनी वर्ग काढून घेतलाच तर त्या पोराच्या घरी जाणं सोडू नका, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.