श्रद्धा जाईल ही भीती

मुलीने एम. ए.ला धर्माचं तत्त्वज्ञान घेतलं तर तिची श्रद्धा उडेल, ही पालकांची काळजी मला समजते. माझ्या आईलाही तीच होती. पण वर्गात 'देव आहे की नाही' याचा निकाल लावत नाहीत. कुठला युक्तिवाद कुठे टिकतो, कुठे लंगडा पडतो, ते तपासतात.

अकराव्या शतकातला ख्रिस्ती धर्मचिंतक अन्सेल्म घ्या. ज्याहून थोर कशाची कल्पनाच करता येत नाही तो देव. तो नुसता मनात असेल तर सर्वांत थोर कसा, म्हणून तो प्रत्यक्षातही आहे, असं त्याचं म्हणणं. यावर आक्षेप घेणारा गौनिलो स्वतः मठवासी संन्यासी होता! याच न्यायाने कल्पनेतलं सर्वोत्तम बेटही प्रत्यक्षात आहे असं सिद्ध होईल, असं त्याने दाखवलं. अन्सेल्मने तो आक्षेप दडपला नाही, स्वतःच्या उत्तरासह आपल्या ग्रंथालाच जोडायला लावला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आपल्याकडे मीमांसा दर्शनातला (वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या परंपरेतला) कुमारिल भट्ट वेद प्रमाण मानूनही जगाचा कर्ता ईश्वर नाकारतो, तर नैयायिक, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या न्याय दर्शनातला, उदयन तर्काने ईश्वर सिद्ध करायला बसतो. प्रवेशाआधी अभ्यासक्रमात हे दोघे आहेत का, तेवढं जरूर बघा.