सेकंडहँड इटालियन कूपे, बजेटमध्ये: मुंबईत खरंच काय मिळतं आणि घेताना काय तपासायचं?

गिरगाव_गियर (प्रश्न)

दोन दारांची, पेट्रोल, इटालियन आणि चालवायला मजा येईल अशी जुनी गाडी हवी आहे. रोज ऑफिसला न्यायची नाही. रविवारी पहाटे लोणावळा, कधीतरी माळशेज, एवढंच. दुरुस्ती धरून बजेट २० लाख. परदेशी साइटवर अल्फा जीटीव्ही, ब्रेरा, फियाट कूपे अगदी किरकोळ किमतीत दिसतात. तशी एखादी इकडे आणता येते का? नसेल तर इथल्या बाजारात काय बघू? सोसायटीत स्टॅक पार्किंग (पॅलेटवर एकावर एक गाड्या) आहे, तेही ध्यानात घ्या.

वडाळा_पासिंग

आणायचा विचार डोक्यातून काढून टाका. वापरलेली गाडी आयात करायची तर ती बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे लागतं आणि गाडी मुंबई बंदरातच उतरवावी लागते. फियाट कूपे २००० साली बंद झाली, ब्रेरा २०१० साली. म्हणजे तुमच्या यादीतली एकही नियमात बसत नाही. शिवाय ड्युटी धरली की 'किरकोळ किंमत' किरकोळ राहत नाही. कोणी 'कागद मी बघतो' म्हणाला, तर तो नेमके कोणते कागद बघणार आहे ते आधी विचारा.

इथे अधिकृतपणे विकल्या गेलेल्यांत तुमच्या कामाची एकच: अबार्थ (फियाटचा स्पोर्टी ब्रँड) ५९५ कॉम्पेटिझिओने. २०१५ मध्ये पूर्ण आयात होऊन आली, तेव्हा दिल्ली एक्स-शोरूम २९.८५ लाख. दोन दारं आणि डिकी, १६० पीएस. खरी कूपे नाही, पण बाकी सगळा मसाला आहे. फारच थोड्या आल्या, त्यामुळे रंग निवडत बसू नका, मिळेल ती तपासा. चार दारं चालत असतील तर त्याच वर्षीची अबार्थ पुंटो: रांजणगावात बनलेली, १४५ अश्वशक्ती, २१२ एनएम, नवी ९.९५ लाखांना होती. पैसे आणि डोकं दोन्ही शाबूत ठेवायचं तर पुंटो.

कागदांचं सांगतो, कारण गाडीपेक्षा जास्त व्यवहार इथेच अडकतात. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही, कर्ज फिटलं असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. आरसीवर हायपोथिकेशन (कर्जाची नोंद) दिसत असेल तर ते उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ५९५ सारख्या गाड्या बऱ्याचदा पाँडिचेरी किंवा दुसऱ्या राज्याच्या पासिंगच्या निघतात. तशी गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर फॉर्म २८ ची एनओसी आणून एमएच नंबर घ्यावाच लागतो, आणि टॅक्स गाडीच्या वयानुसार पुन्हा भरावा लागतो. महाराष्ट्रात आयात गाडीचा दर २० टक्के आहे, तेव्हा सौदा ठरवण्याआधी आरटीओतून आकडा काढून घ्या. एजंटच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी म्हणजे एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) पाटी बसली आहे का तेही बघा, आणि ई-चलनं शून्य करून मगच ताबा घ्या.

बूस्ट_ताई

वरच्या पोस्टला पूर्ण अनुमोदन. आता लोखंडाकडे वळू.

पुंटो बघत असाल तर सर्वात आधी ती खरी अबार्थ आहे ना ते पाहा. साध्या पुंटोवर अबार्थचे विंचवाचे बॅज आणि चाकं लावून विकणारे आहेत. आरसीवर १३६८ सीसी दिसलं म्हणून खूश होऊ नका, साध्या १.४ पेट्रोल पुंटोची सीसीही तेवढीच आहे. आरसीवरचं मॉडेलचं नाव वाचा, इंजिन नंबर ब्लॉकवर जाऊन जुळवा आणि मागची चाकं बघा. अबार्थला चारही डिस्क असतात, मागे ड्रम दिसला की विषय संपला.

इंजिन दोन्हींत १.४ टी-जेट (टर्बो पेट्रोल). मजबूत आहे, पण टायमिंग बेल्टचं आहे. पट्टा तुटला की व्हॉल्व्ह वाकतात. मुंबईतल्या गाडीचं मीटर २५-३० हजार दाखवतं आणि मालक म्हणतो 'अजून पट्ट्याची वेळ नाही आली'. किलोमीटर सोडा, वय बघा. पाच वर्षांच्या वर गेलेला पट्टा बदलायचाच, त्याबरोबर टेन्शनर आणि वॉटर पंपही. बिल दाखवलं नाही तर बदललेला नाही असंच धरून चाला आणि तेवढे पैसे किमतीतून कापा. हे काम करताना कॅमशाफ्ट लॉक करायचं खास टूल लागतं. व्हाइटनरने खुणा मारून पट्टा चढवणाऱ्या मेकॅनिककडे ही गाडी देऊ नका. कॅम थोडा जरी सरकला तरी गाडी चालते, पण कमी आरपीएमचा ओढा मेलेला असतो आणि कोणाला कारण सापडत नाही.

गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा की इंजिन गार ठेवा. बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. गार इंजिन चालू केल्यावर एक्झॉस्टच्या बाजूने टिक-टिक येते आणि तापल्यावर ती गायब होते, म्हणजे मॅनिफोल्डला (इंजिनातला धूर गोळा करणारा पाइप) तडा किंवा गॅस्केट गेलेलं. मॅनिफोल्ड टर्बोच्या हाउसिंगला जोडूनच असल्यामुळे हे छोटं काम नाही. मग तिसऱ्या गिअरला १,८०० आरपीएमवरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. बूस्ट (टर्बोचा जोर) येऊन मध्येच ढिला पडला आणि हवा सुटल्याचा आवाज आला तर डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (टर्बोची जादा हवा वळवणारी झडप) पडदा फाटला असेल किंवा इंटरकूलरचा पाइप सुटला असेल. दोन्ही स्वस्तातली कामं आहेत, घाबरू नका, पण भाव करताना चेहरा गंभीर ठेवा.

थर्मोस्टॅट (कूलंट अडवणारी-सोडणारी झडप) उघडाच अडकणं हा या इंजिनचा नेहमीचा आजार. शहरात तो लपतो, कारण ट्रॅफिकमध्ये काटा आपोआप मधे येतो. अटल सेतूवर किंवा एक्सप्रेसवेवर सलग ८०-९० ने दहा मिनिटं चालवा. काटा मधल्या रेषेखाली उतरला की थर्मोस्टॅट गेलेला. याच्या नेमकी उलटी तपासणी पंख्याची: एसी लावून गाडी उभी ठेवा. पंखा आधी हळू फिरायला हवा. हळूचा टप्पाच लागत नसेल आणि एकदम जोरात घरघर सुरू होत असेल तर पंख्याचा रेझिस्टर जळाला आहे. सायनच्या सिग्नलला एसी गरम हवा फेकतो तो यामुळे, गॅस भरून काही होत नाही.

खालून गाडी लिफ्टवर घ्या. लोअर आर्मचे बुश, स्ट्रटचे माउंट, लिंक रॉड हे आपल्या खड्ड्यांत जातातच, ते खर्चात धराच. वरळी-वर्सोव्यात समुद्रासमोर उभी राहिलेली गाडी असेल तर एक्झॉस्टचे जोड, ब्रेक पाइप आणि एसी कंडेन्सर टॉर्च लावून बघा. पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. कार्पेट ड्रायक्लीन करून मिळतं, पण बेल्टच्या आतल्या टोकावर गाळाची रेषा राहून जाते. स्टेपनीखालचा खड्डा आणि सीटच्या रुळांवरचा गंजही तेच सांगतो.

क्लच_प्लेट

५९५ घेणाऱ्यासाठी, कारण तिचा गिअरबॉक्स लोकांना ऑटोमॅटिक वाटतो. तो ऑटोमॅटिक नाही. साधा पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स आणि एकच क्लच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम हायड्रॉलिक यंत्र करतं. त्याचं नाव एमटीए.

तपासायची युक्ती अगदी सोपी. गाडी रात्रभर उभी असताना ड्रायव्हरचं दार उघडा आणि कान द्या. पंप गुणगुणतो आणि काही सेकंदांत थांबतो, ते ठीक. बराच वेळ चालत राहिला, किंवा चालवताना एक-दोन गिअर बदलले की परत सुरू होत असेल तर अ‍ॅक्युम्युलेटरचा (तेलाचा दाब साठवणारा डबा) दाब संपलाय. तो वेळेत बदलला तर भागतं, दुर्लक्ष केलं तर पंप जळतो आणि गाडी सिग्नलला गिअरमध्येच अडकते. या यंत्राच्या टाकीतलं तेल ट्यूटेला सीएस स्पीड असायला हवं. तिथे ब्रेक ऑइल ओतणारे महाभाग असतात, म्हणून रंग आणि वास बघा.

क्लच किती उरलाय ते अंदाजाने सांगू नये. लॅपटॉपवर मल्टीईसीयूस्कॅन (फियाटच्या गाड्या तपासायचं सॉफ्टवेअर) आणि ओबीडी केबल घेऊन जा. क्लचची झीज, गिअरबॉक्सचे एरर, इंजिनचे जुने कोड सगळं वाचता येतं. विकणारा लॅपटॉप लावू देत नसेल तर उठून या.

चालवायची पद्धतही वेगळी. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका. फ्लायओव्हरच्या जॅममध्ये दोन-चार वेळा तसं केलं की क्लचचा वास येतो. ब्रेक धरा, पुढची गाडी दोन-तीन लांबी सरकू द्या, मग एकदमच निघा. लांब सिग्नलला न्यूट्रल. वरचा गिअर टाकताना पाय क्षणभर सैल केला की धक्का जवळजवळ जातो. हे जमलं की मग बोगद्यात खिडक्या खाली करा. रेकॉर्ड मोन्झा एक्झॉस्ट साधारण ३,००० आरपीएमच्या वर उघडतो, पैसे तिथे वसूल होतात.

गिरगाव_गियर

सगळ्यांचे आभार. एक डीलर मासेराती ग्रॅनटुरिस्मो 'बजेटमध्ये बसवून देतो' म्हणतोय. तो नाद करू का? आणि स्पेअर पार्ट्स, पेट्रोल यांचं काय?

वडाळा_पासिंग

मासेराती ४.८८ मीटर लांब आहे. तुमच्या स्टॅकच्या पॅलेटची लांबी मोजून या, उत्तर तिथेच मिळेल. शिवाय बजेटमध्ये बसवलेली व्ही८ म्हणजे आधीच्या मालकाने टाळलेली सगळी बिलं तुमच्या नावावर. बघायचीच असेल तर गार इंजिन सुरू करताना पुढून खडखड येते का ऐका, ते कॅम व्हेरिएटर (कॅमशाफ्टची वेळ बदलणारा भाग). इंजिन फेरारीच्या मारानेल्लो कारखान्याचं आहे, तर खर्चही तिथल्या हिशेबाचा. ५९५ ची लांबी ३.६६ मीटर, ती कुठेही बसते. स्टॅकच्या रॅम्पवर मात्र पुढचा बंपर घासतो, तेव्हा हळू आणि तिरकी चढवा.

बूस्ट_ताई

पार्ट्स: फियाटने २०१९ मध्ये इथलं दुकान आवरलं, पण टी-जेट इंजिन फियाटच्या लिनिया सेडानमध्येही होतं. फिल्टर, पट्टा, वॉटर पंप, कॉइल असलं रोजचं सामान जीपच्या वर्कशॉपमधून किंवा ऑनलाइन मिळतं. बॉडीचे भाग ही खरी अडचण. पुंटोचे हेडलाइट, आरसे, दारं कुर्ल्याच्या सीएसटी रोडला शोधून सापडतात. ५९५ चा पुढचा बंपर किंवा झेनॉन दिवा बाहेरूनच मागवावा लागतो, म्हणून घेताना काच, दिवे, बंपर यांत कसूर असलेली गाडी स्वस्त पडली तरी नको. इन्शुरन्सची आयडीव्ही (विमा कंपनी धरते ती गाडीची किंमत) नीट ठरवून घ्या.

पेट्रोल ९५ ऑक्टेनचं घाला. त्याहून कमी ऑक्टेनवर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इग्निशन मागे घेतो आणि उन्हाळ्यात घाट चढताना तो फरक पायाला कळतो. या गाड्या ई२० (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोल) साठी बनलेल्या नाहीत, तेव्हा इंधनाचे रबरी पाइप आणि इंजेक्टरच्या ओ-रिंग वर्षातून एकदा बघा आणि टाकीत महिना-महिना पेट्रोल साठवू नका.

ताबा मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात: पट्ट्याचा पूर्ण सेट, कूलंट, ब्रेक ऑइल, प्लग आणि ५डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक. तेल जेमतेम तीन लिटरच्या आसपास बसतं. एवढ्याशा तेलावर टर्बो गार राहतो, म्हणून दर सहा महिन्यांनी किंवा ७,५०० किलोमीटरला बदला, वर्षभर थांबू नका. डिपस्टिक दर दुसऱ्या टाकीला बघायची. घाटातून उतरल्यावर थांबलात तर बंद करण्याआधी मिनिटभर आयडलिंग. टायर पुंटोला १९५/५५ आर१६, ५९५ ला २०५/४० आर१७. ५९५ च्या टायरची बाजू इतकी बारीक आहे की पावसाळ्यात खड्डा दिसला नाही तर रिम जाते, म्हणून जून ते सप्टेंबर हवा छापील दाबापेक्षा कमी अजिबात ठेवू नका.