लग्न झालं म्हणजे गोष्ट संपते काहून?

सुपरहिरोंच्या कॉमिक्सवरच्या चर्चेत एका भाऊनं लिहिलं, की लग्न लावलं की हिरो म्हातारा वाटते, म्हणून पुढं कायमच्या जोड्या नकोतच. राजेहो, मले हे काही पटलं नाही. मार्वल या कॉमिक्स कंपनीनं हेच कारण धरून पीटर (म्हणजे स्पायडर-मॅन) अन् मेरी जेनचं १९८७ चं लग्न २००७ मध्ये पुसून टाकलं. तेही कसं, तर पीटरच्या मे काकूचा जीव वाचवायला मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा करून! घटस्फोटानं हिरोचं वय दिसते म्हणे, सैतानासंगं व्यवहार मात्र चालते.

आमच्याकडं कापूस वेचणीत नवरा-बायकोचं भांडण सकाळी धुऱ्यावर पेटते अन् सांजेला वजनकाट्यापाशी मिटते. त्यात गोष्ट नाही काय?

सुपरमॅनचंच पाहा ना. १९९६ मध्ये लोइससोबत लग्न झालं, २०११ मध्ये कंपनीनं गोष्टी नव्यानं सुरू केल्या त्यात ते गायब, अन् २०१६ मध्ये परत, संगं पोरगा जॉन. त्या अंकांमध्ये हे कुटुंब शेतावर राहते. पोराला आपली शक्ती आवरत नाही, बाप धास्तावलेला. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला ते वाचताना परकं वाटतच नाही. मले तर मारामारीच्या पानांपेक्षा तेच जास्त आवडलं.

बॅटमॅनचं काय बोलावं! २०१८ मध्ये लग्नासाठी ५० व्या अंकापर्यंत वाट पाहायला लावली अन् ऐन वेळी नवरीच निघून गेली.

माझा अंदाज असा, की मुख्य मालिकेत ही मोडतोड चालूच राहील. संसार दिसेल तो वेगळ्या विश्वात, म्हणजे त्याच हिरोची गोष्ट मुख्य मालिकेबाहेर निराळी सांगतात तिथं, २०२४ च्या 'अल्टिमेट स्पायडर-मॅन'सारखा. तिथं पीटरला बायको आहे, दोन लेकरं आहेत, अन् शक्ती त्याच्यानंतर मिळते. अंक भेटला तर वाचून सांगा.